सकाळची शाळा सुरू झाली की लेकरांचं घड्याळ कसं बसवायचं

मार्च अर्धा सरला की एक दिवस शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडतो, उद्यापासून शाळा सकाळची. वर्षभर नऊ-साडेनऊला जाणारं लेकरू दुसऱ्या दिवशी सातला प्रार्थनेला उभं पाहिजे, म्हणजे ऑटो सव्वासहाला दारात, म्हणजे उठायचं पावणेसहाच्या आत. बाहेर अजून नीट उजाडलेलं पण नसतं. पहिले दोन दिवस लेकरं हौसेनं उठतात, तिसऱ्या दिवसापासून रडारड सुरू, चौथ्या दिवशी डबा तसाच परत येतो, आणि आठवडा गेला की बाईंचा फोन येतो की तुमचा वर्गात झोपतोय. आमच्याकडं दोन लेकरं आहेत, थोरला तिसरीत, धाकटी सिनिअर केजीत, आणि आम्ही राहतो परभणीत, जिथं कृषी विद्यापीठाचं तापमान काय आलं हे एप्रिलभर दूध घालणाऱ्या मामांपासून सगळे विचारत असतात. दोन-तीन उन्हाळे हैराण झाल्यावर आता आमचं गाडं जरा नीट चालतंय, ते कसं बसवलं ते सगळं इथं लिहिते.

आधी मूळ गोष्ट. सगळे जण डबा, पाणी, टोपी ह्याच्यामागं लागतात, ते लागतंच, पण खरा घोटाळा झोपेचा असतो. २०२४-२५ पासून सरकारनंच ठरवलंय की चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायची नाही, कारण लेकरांची झोप पुरी होत नाही. मग उन्हाळा आला की तीच लेकरं सातला, २०२५ ला तर राज्यभरासाठी प्राथमिकची वेळ ७ ते सव्वाअकरा अशी काढली होती. मला दोन्ही पटतं. दुपारी एक वाजता आपल्याकडच्या उन्हात लेकरं पत्र्याच्या वर्गात बसवणं हा जुलूमच आहे. पण सकाळची दोन-अडीच तास झोप गेली ती कुठून भरून काढायची हे त्या परिपत्रकात कुठं लिहिलेलं नसतं, ते घरानंच बघायचं असतं.

हिशोब करून बघा. तीन ते पाच वर्षांच्या लेकराला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते आणि सहाच्या पुढच्याला ९ ते १२ तास. आता उन्हाळ्यात रात्री दहाच्या आधी झोपवून दाखवा, स्लॅब दिवसभर तापलेला, भिंतीला हात लावला तरी गरम, लेकरू साडेनऊला अंथरुणावर पडतं पण तळमळत राहतं. दहाला झोपलं आणि पावणेसहाला उठलं तर झाले पावणेआठ तास. म्हणजे थोरल्याचीच सव्वा तास कमी, धाकटीची तर दोन तासांच्या वर. ही तूट रात्री भरून निघत नाही, मी दोन वर्षं प्रयत्न केला, नऊ वाजता लाइट बंद, दटावणी, गोष्टी, सगळं केलं. ती दुपारीच भरून काढावी लागते. म्हणून आमच्या घरात एप्रिल महिन्यात सगळ्यात मोठं काम कुठलं तर दुपारी एक ते तीन लेकरं झोपवणं, बाकी सगळं त्याच्या मागंपुढं बसवायचं.

त्यासाठी आधी शाळेतून आल्यावरचा एक तास सुधारा. लेकरं साडेअकरा-पावणेबाराला येतात, तोंडं लाल झालेली, अंगावर घामाचे पट्टे, आणि आपण लगेच मागं लागतो, हातपाय धू, कपडे बदल, डबा काढ, आज काय शिकवलं. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला ह्यात एक चांगलं शिकवलं. त्या म्हणाल्या, "आगं, उन्हातून आलेल्या पाव्हण्याला आपण आधी गूळपाणी देताव की, मग लेकरालाच कामून वरडायलीस? बसू दे जरा." तेव्हापासून आमच्याकडं लेकरू आलं की सावलीत, पंख्याखाली पाच मिनिटं नुसतं बसवायचं, बूट-मोजे आपण काढायचे, गुळाचा छोटा खडा आणि माठातलं पाणी, एकदम गटागट नाही, थांबत थांबत. उन्हातून आल्यावर पाणीच द्यायचं नाही असं काही घरांत पाळतात, ते करू नका, तहानलेल्या लेकराला पाणी लागतंच, फक्त फ्रीजमधलं नको, माठातलं द्या. दहा मिनिटांनी ओल्या रुमालानं मान, काखा, पाय पुसून घ्या. पाणी असेल तर आंघोळ, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत रोज दोन आंघोळी कुठून आणायच्या, तिथं ओला रुमाल पण पुरतो.

मग जेवण, साडेबाराच्या आत. हे जेवण दिवसातलं मुख्य जेवण समजा, कारण सकाळी सहाला लेकरू काही खात नाही आणि त्याच्यामागं लागण्यात अर्थ पण नाही. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, त्यात चिमूट मीठ आणि वरून थोडी शेंगदाण्याची चटणी, सोबत कांदा, हे आमची दोन्ही लेकरं न कुरकुरता खातात. वरण-भात असला तर लिंबू पिळून. तळलेलं, मसाल्याचं दुपारी नको, पोट जड होतं आणि झोप पण नीट लागत नाही.

आंबील मात्र एकदा घरात सुरू करा. आपल्याकडं वेळअमावस्येला शेतात आंबील पितो आणि मग वर्षभर विसरून जातो, खरं तिची गरज उन्हाळ्यात. रात्री दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी दोन-अडीच ग्लास पाणी उकळायला ठेवून त्यात ते हळूहळू सोडायचं आणि ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. सात-आठ मिनिटांत पिठाचा कच्चा वास जातो, मग मीठ, जिरेपूड, ठेचलेल्या लसणाची एक पाकळी, आणि गार झाल्यावर वरून अजून थोडं ताक. थोरल्याला लसणाची आवडते, धाकटीला बिनलसणाची. सकाळी जायच्या आधी अर्धी वाटी गेली तरी पुष्कळ, नाही गेली तर दूध नाहीतर एक केळं. डब्यात पोळी-गूळ-तूप, धपाटा, फोडणीची पोळी, मुरमुऱ्याची सुशीला, असं सुकं काहीतरी द्या. सुट्टी नऊच्या आसपास होते त्यामुळं खराब व्हायची भीती कमी, पण उरलेला डबा दुपारी घरी आल्यावर परत खायला देऊ नका, बंद डब्यात उन्हातून आलेलं अन्न आहे ते.

आता झोपवायचं कसं. खोली अंधारी करा, ह्याला पर्याय नाही. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडकीला जाड चादर लावा, कुणाकडं वाळ्याचा पडदा असेल तर उत्तमच, नाहीतर जुनी सुती साडी ओली करून पिळून लावली तरी खोलीत फरक पडतो. कूलर लावत असाल तर समोरची एक खिडकी नाहीतर दार थोडं उघडं पाहिजे, हवा बाहेर जायला वाट नसली की खोलीत नुसती दमट कोंदट हवा होते आणि लेकरू घामानं चिंब. कूलरबद्दल अजून एक, पत्र्याच्या बॉडीच्या कूलरला करंट लागून दर उन्हाळ्यात लेकरं जातात, त्यामुळं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, पाणी भरताना पिन काढूनच भरा, आणि ओल्या हातानं कूलरला हात लावायचा नाही हे लेकरांना रोज सांगा, रोज. आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करून घासून कोरडा पण करा, डेंगूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. पाण्याचे बॅरल, टाक्या पण फडक्यानं बांधून ठेवा, आपल्याकडं पाणी साठवल्याशिवाय तर भागतच नाही.

मोबाइल एक वाजता दुसऱ्या खोलीत गेला पाहिजे, आईचा, बापाचा, आज्जीचा, सगळ्यांचा. हे सगळ्यात अवघड आहे मान्य आहे, पण लेकराला फक्त "झोप" म्हणून आपण शेजारी रील बघत बसलो तर ते कसं झोपणार. आपण पण अर्धा तास आडवं व्हायचं. पहिले चार-पाच दिवस थोरलं लेकरू झोपणार नाही, आठ वर्षांचं झालं म्हणजे त्याला दुपारी झोपणं बारक्या लेकरांचं काम वाटतं. त्याला झोपच असं म्हणू नका, नुसतं पडून राहा, पुस्तक वाच, बोलायचं नाही, एवढंच सांगा. आमचा पाचव्या दिवशी पुस्तक तोंडावर घेऊन झोपला, तेव्हापासून अडचण नाही. तीनच्या सुमारास उठवायचं पण. साडेचार-पाचपर्यंत झोपू दिलं की रात्री अकरापर्यंत टक्क जागं, आणि परत सकाळी तेच रडगाणं. धाकटीला रात्री साडेनऊला आणि थोरल्याला दहाला झोपवून, दुपारचे दोन तास धरले की दोघांचा हिशोब बरोबर जुळतो.

दुपारी घरी कोण असणार हा प्रश्न बऱ्याच घरांत असतो. मी पतसंस्थेत आहे, अडीचला सुटते. आमचं बरं म्हणजे ह्यांचं बी-बियाणं, खताचं दुकान आहे आणि एप्रिलमध्ये त्या धंद्याला काही काम नसतं, गर्दी मृगाच्या तोंडावर, म्हणून दुपारची झोप ह्यांच्याकडं आणि आत्याबाईंकडं. ज्यांच्याकडं असं कुणी नाही त्यांनी गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून पाळी लावा, सोमवार-मंगळवार एकीकडं, पुढचे दोन दिवस दुसरीकडं. आमच्या शेजारच्या दोघी नर्स आहेत, ड्युट्या बदलत्या, त्यांचं असंच चालतं. लेकराला किल्ली देऊन दुपारी घरात एकटं ठेवू नका, केजी-पहिलीच्या तर अजिबातच नाही.

ऑटोचं नीट बघा. गेल्या वर्षी आमची धाकटी ज्या ऑटोत होती त्यात बारा लेकरं, आणि तिचा नंबर उतरायला सगळ्यात शेवटी. शाळा सुटायची सव्वाअकराला आणि ती घरी यायची साडेबाराला, तेवढा वेळ ती त्या रेक्झिनच्या तापलेल्या सीटवर, दोन्हीकडून झळा. एक दिवस आली ती मलूल, बोलेना, दोनदा ओकली, डोळे ओढल्यासारखे. मी घाबरून गेले. आत्याबाईंनी ओल्या फडक्यानं अंग पुसलं, ह्यांनी ओआरएस केलं, चमच्या-चमच्यानं तासभर पाजलं तेव्हा तिला तरतरी आली, संध्याकाळी डॉक्टरला पण दाखवलं. माझी चूक अशी की महिनाभर रोज उशीर होतोय हे दिसत असून मी एकदा पण विचारलं नव्हतं की ऑटो फिरतो कुठून. दुसऱ्या दिवशी ऑटोवाल्या काकांशी बोलले, त्यांनी रस्ता उलटा केला आणि दर आठवड्याला पहिलं कोण उतरणार ते बदलायला लागले, सगळ्या आयांना पटलं. त्यामुळं पहिल्या आठवड्यात एकदा स्वतः ऑटोच्या मागं गाडीवर जाऊन बघा. किती लेकरं आहेत, बाजूला ताडपत्री आहे का, मध्ये कुठं उन्हात उभा करतो का. आणि बाटलीतलं पाणी शाळेतच संपवून येतात, म्हणून सुटताना बाटली परत भरायची हे बाईंना सांगून ठेवा, बाई ऐकतात.

ओआरएसचं पाकीट घरात कायम पाहिजे, पण ते करायची पद्धत निम्म्या घरांत चुकते. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये. ग्लासभर पाण्यात चमचाभर पावडर, असं अंदाजे करायचं नाही, क्षार जास्त झाले तर लेकराला अपाय होतो. केलेलं चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात मिळणारी गोड टेट्रापॅक ड्रिंकं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात साखर भरमसाट असते, म्हणून तर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, असल्या ड्रिंकवर ओआरएस हे नाव लावायला बंदी केली. लेकरू पुरेसं पाणी पितंय का हे लघवीवरून कळतं. फिकट रंगाची आणि दिवसातून पाच-सहा वेळा होत असेल तर ठीक, गडद पिवळी झाली की पाणी, ताक, पन्हं, टरबूज, जे पोटात जाईल ते वाढवा. शाळेतल्या पोरी संडास घाण असतं म्हणून पाणीच पीत नाहीत, तुमची लेक त्यातली आहे का ते तिला मायेनं विचारा, आणि असेल तर चार आयांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटा.

अंग चटके बसल्यासारखं तापलंय, लेकरू बरळतंय, झोपेत असल्यासारखं करतंय, झटका आला, तर घरचे उपाय करत बसायचं नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा, बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं.

घोळणा फुटणं, म्हणजे नाकातून रक्त येणं, तर आपल्याकडं ह्या दिवसांत घरोघर. आपण काय करतो, लेकराला आडवं पाडतो नाहीतर मान मागं करतो, मग रक्त घशात जातं आणि उलटी होते. बसवा, मान थोडी पुढं, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं दाबून धरा, तोंडानं श्वास घ्यायला सांगा. दर मिनिटाला सोडून बघायचं नाही. कांदा हुंगवायचा असेल तर नंतर हुंगवा. वीस मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

संध्याकाळी साडेपाचपर्यंत बाहेर सोडू नका, तोपर्यंत घरात अष्टाचंग, चिंचोके, सागरगोटे, आणि अभ्यास असेल तर तो पण ह्याच वेळेत, झोपून उठल्यावर डोकं ताजं असतं. पहिली-दुसरीच्या लेकरांना वार्षिक परीक्षा आली म्हणून रात्री जागवू नका, त्या वयात रात्रीच्या अभ्यासानं मार्क वाढत नाहीत, झोप तेवढी जाते. साडेपाचनंतर मात्र खेळू द्या, पळू द्या, अंगमेहनत झाल्याशिवाय रात्री झोप नाही. जेवण साडेसातला, हलकं.

गच्चीवर झोपत असाल तर सूर्य मावळताना कपडे धुतलेलं पाणी गच्चीवर मारा, दहापर्यंत फरशी निवते. उन्हाळ्याच्या आधी गच्चीला चुन्याचे दोन हात दिले तर खालच्या खोल्या पण कमी तापतात, खर्च पण फार नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचा, आणि कठडा ठेंगणा असेल तर बारकं लेकरू दोघांच्या मध्ये. विंचवाचं पण ध्यानात ठेवा, उन्हाळ्यात ते गारव्याला बुटात, दप्तरात, लाकडाच्या ढिगाखाली बसतात. अंथरूण झटकल्याशिवाय लेकरू झोपवायचं नाही आणि सकाळी बूट आपटल्याशिवाय घालायचा नाही, घाईत असलो तरी. चावलाच तर मंत्र-उतारा करत बसू नका, लाल विंचू लेकरांच्या जिवावर बेततो, घाम फुटला, हातपाय गार पडले, ओकारी झाली म्हणजे विष हृदयावर चाललंय. त्यावर प्राझोसिनची गोळी चालते हे जगाला दाखवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले, पुढं कोकणात महाडला काम केलं. पण ती गोळी घरी द्यायची नाही, दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखालीच, म्हणून वेळ न घालवता पोचायचं.

सकाळची तयारी फार लिहीत नाही. दप्तर, बाटली, मोजे, गणवेश रात्रीच एका खुर्चीवर ठेवा, आणि लेकराला उठवताना लाइट पेटवून हाका मारू नका, अंथरुणावरच पाच मिनिटं पाठीवरून हात फिरवत बसा, मग उठतं. काळे बूट आणि पॉलिस्टरचे मोजे घामानं सडतात, बाईंना विचारून बघा, आमच्या शाळेनं उन्हाळ्यापुरते सँडल चालवून घेतले.

आणि मेसेजची वाट बघू नका. होळी झाली की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं आधी उठवायला लागा, म्हणजे शाळा सकाळची होईपर्यंत निम्मं अंतर कापलेलं असतं. १ मेला निकाल लागल्यावर सुट्टीत घड्याळ मोडतंच, मोडू द्या, आज्जीच्या गावाला जाऊन आंबे खाऊ द्या, उशिरा उठू द्या. दुपारची झोप तेवढी सुट्टीत पण चालू ठेवा, कारण खरं ऊन मे महिन्यातच असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ती रोज थोडी थोडी कमी करत आणा, म्हणजे १५ जूनच्या आसपास शाळा भरली की लेकरू दुपारी बाकावर डुलक्या देत नाही.